नेपाळात साक्ष द्यायची आहे, पण नेपाळी येत नाही

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: पुण्यातल्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातले आठ जण दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस नेपाळला जाताय. तिथल्या एका मंडळीने बोलावलंय. पाळकांनी प्रत्येकाला तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, तयार ठेवायला सांगितलंय. तुला नेपाळी येत नाही, हिंदी बेताचं आहे. उपासनेत दुभाषा मिळेल, पण घरोघरी बायकांमध्ये बसायचं तेव्हा तो नसेल. मग भाषाच नसताना आपला विश्वास सांगायचा कसा, आणि त्याचा काही उपयोग तरी होतो का? सोबत तू लिहिलेली साक्षही पाठवलीस.

सलाम. उत्तर लांबेल, कारण या कामात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातली पुष्कळशी दोन माणसांच्या मधल्या खुर्चीत गेली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत परदेशी पाहुणे यायचे, तेव्हा त्यांचं इंग्रजी मराठीत सांगायला मला उभं करायचे. पुढे 2009 पासून मी स्वतःच पाहुणी होऊन नेपाळला जाऊ लागले, सहा वेळा गेले. बोलणाऱ्याची, मधल्याची आणि न कळूनही ऐकत बसणाऱ्याची, अशा तिन्ही जागा मला ठाऊक आहेत. म्हणून सांगते.

सगळ्यात आधी एका शब्दाकडे बघ. साक्ष. मंडळीत आपण तो इतका वापरतो की तो कोर्टातला शब्द आहे हे विसरून जातो. साक्षीदाराला वकील विचारतो, तुम्ही स्वतः काय पाहिलंत? ऐकीव गोष्ट तिथे चालत नाही. निकाल काय लागावा हे साक्षीदाराने सांगायचं नसतं. परक्या भाषेत तर हाच नियम तुला तारून नेईल. जे तुझ्या डोळ्यांसमोर घडलं ते कुठल्याही भाषेत जातं. जे तू व्यासपीठावरून ऐकलंस आणि आवडलं म्हणून आपलंसं केलंस, ते पहिल्याच दुभाष्यापाशी अडतं.

आता तुझा कागद. तू लिहिलंयस, “मी पापाच्या अंधारात होते, प्रभूने मला तारण दिलं, त्याच्या रक्ताने मला धुतलं, आता मी नवी उत्पत्ती आहे आणि त्याच्यासाठी पेटलेली आहे.” यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि तू ते मनापासून लिहिलंयस हे मला दिसतं. पण हे मंडळीतल्या माणसाने मंडळीतल्या माणसाला सांगायचं बोलणं आहे. आपल्याच बाजारपेठेत जाऊन तारण म्हण, लोकांना बँकेत ठेवलेलं सोनं आठवेल. जिथे दसऱ्याला, तिथल्या दसैंला, बोकड कापतात, तिथे रक्ताने धुतलं म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहील याचा विचार कर. तिथला पाळक त्यावर तासभर बसून नीट समजावू शकतो. तुझ्याकडे तीन मिनिटं आहेत, आणि त्यातली दीड दुभाष्याची.

आणि तो “पेटलेली” शब्द. एका परदेशी तरुणाने आमच्याकडे अगदी हेच म्हटलं होतं, मी देवासाठी पेटलो आहे. मी मध्ये उभी होते. पुढच्या रांगेत एक आई बसली होती, जिची लेक स्टोव्हच्या भडक्यात भाजून गेली होती. माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी म्हटलं, “यांना देवाचं काम करायची फार ओढ आहे.” त्या तरुणाला वाटलं, आपलं वाक्य जसंच्या तसं गेलं. चूक त्याची नव्हती. त्याच्या भाषेत ते रोजचं बोलणं होतं. पण समोर कोण बसलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. तुलाही असणार नाही. म्हणून अलंकार घरी ठेव.

मी नेपाळमध्ये जी साक्ष देते ती तुला पूर्ण देते. नक्कल करायला नाही, माप कळावं म्हणून.

“माझं लग्न झालं. मला एक मुलगा झाला. तो सहा वर्षांचा असताना माझे पती वारले. दोन महिने मी प्रार्थना केली नाही. मला वाटलं, देव माझ्यावर रागावला आहे. शेजारची एक बाई रोज संध्याकाळी यायची. ती काही बोलायची नाही. भाकरी थापायची आणि जायची. एका संध्याकाळी जाताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं. त्या रात्री मी झोपले. त्या दिवसापासून मी पुन्हा प्रार्थना करते. येशू माझ्याजवळ बसला आहे, असं मला त्या बाईमुळे कळलं.”

बारा-तेरा वाक्यं झाली. बहुतेक वाक्यांत एकच क्रियापद. यात येशूच्या वधस्तंभाबद्दल, म्हणजे क्रुसाबद्दल, काहीच नाही, म्हणून एकदा आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या भावाने मला टोकलंही. मी त्यांना म्हटलं, ती शिकवण तिथली मंडळी देते, वर्षभर देते. मी फक्त माझ्या ओसरीवर काय झालं ते सांगायला आले आहे. तुझ्या कागदात तळाशी एक ओळ आहे, “भावाच्या अपघातानंतर मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते.” ती ओळ तू ओझरती टाकलीस. तुझी साक्ष तिथे सुरू होते. वरचं सगळं काढ आणि जिन्यापासून लिही.

आता दुभाष्याबरोबर कसं बोलायचं ते. याबद्दल कुणी फार सांगत नाही, पण निम्मं काम इथेच बिघडतं.

मराठी, हिंदी, नेपाळी, तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे तू “माझ्या भावाला, जो तेव्हा बारावीत होता आणि ज्याच्यावर आमच्या घरच्यांची सगळी आशा होती,” असं म्हणून थांबलीस, तर दुभाषा तुझ्या तोंडाकडे बघत राहतो. भावाला काय झालं? क्रियापद आल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही. मग तो अंदाज करतो आणि अंदाज चुकला की पुढे सारवासारव करतो. म्हणून वाक्य छोटं, पूर्ण, आणि मग थांबायचं. “भाऊ बारावीत होता.” थांब. “त्याचा अपघात झाला.” थांब. आधी हे तुटक वाटतं, दोन-तीन वाक्यांनंतर त्याला आपोआप लय येते.

बोलताना दुभाष्याकडे बघू नकोस, समोरच्या बायकांकडे बघ. तो बोलत असतानाही त्यांच्याकडेच बघ. आणि “काल” म्हणताना सांभाळून. हिंदीतला “कल” मागचाही असतो आणि पुढचाही. त्यापेक्षा वार सांग. आदल्या दिवशी तुझा कागद दुभाष्याच्या हातात दे, त्याच्याजवळ बस, आणि “यातला कुठला शब्द तुम्हाला अडतो?” असं विचार. नुसतं “समजलं का?” विचारलंस तर हो म्हणतील, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? उपासना झाल्यावर दुसऱ्याच कुणाला, शक्यतो एखाद्या शाळकरी मुलीला, विचार की मी काय सांगितलं ते मला परत सांग. मी हे प्रत्येक वेळी करते.

असं विचारल्यामुळेच मला माझी सगळ्यात मोठी चूक कळली. पहिल्या फेरीत मी साक्ष माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत दिली. पती गेले, आणि मला वाटलं देव मला शिक्षा देतोय, असं मला म्हणायचं होतं. मी “शिक्षा” हाच शब्द वापरला. बायकांनी समाधानाने माना हलवल्या. मला कळेना, या हसतायत का? नंतर एका मुलीने सांगितलं, “तुम्ही म्हणालात, पती गेल्यावर परमेश्वराने तुम्हाला शिकवलं.” हिंदीत आणि नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. माझ्या आयुष्यातली सगळ्यात काळी रात्र त्यांच्या कानांवर शाळेसारखी पडली होती. त्या दिवसापासून माझ्या साक्षीत “रागावला” आहे, “शिक्षा” नाही.

आपल्या दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहितात, पुष्कळ शब्द सारखे दिसतात. हाच सापळा आहे. बहिनी म्हणजे धाकटी बहीण. तुला कुणी बहिनी म्हणून हाक मारली तर वहिनी ऐकून बावरू नकोस. बिस्तारै म्हणजे हळूहळू, विस्ताराने नव्हे. संसार म्हणजे जग. बायबलमधल्या योहान 3:16 मध्ये आपण “देवाने जगावर एवढी प्रीती केली” म्हणतो, तिथे नेपाळीत “संसारलाई” येतं. तेव्हा “प्रभूने माझा संसार सावरला” हे तुझ्या आईचं वाक्य तिकडे नेऊ नकोस. त्याचा अर्थ जग सावरलं असा होईल. आणि जेवायला बसल्यावर यजमानीण विचारेल, “मीठो छ?” मी पहिल्यांदा भाजी चाखून खुणेने मीठ बरोबर असल्याचं सांगितलं. ती विचारत होती, चवदार झालंय का. तेव्हा भरभरून “मीठो छ” म्हण.

याची दुसरी बाजूही आहे. तुला त्यांचं पवित्र शास्त्र वाचता येईल! गंगाप्रसाद प्रधान यांच्या दीर्घ कष्टातून दार्जिलिंगला संपूर्ण नेपाळी बायबल 1914 मध्ये पूर्ण झालं. आज घरोघरी जे नेपाळी बायबल असतं ते आपल्याच देवनागरीत छापलेलं. अर्थ सगळा कळला नाही तरी तू चार ओळी मोठ्याने वाचू शकतेस, आणि आपल्या “चांगला”मधला च तुझ्या जिभेला येतो, तो नेपाळी च च्या बराच जवळचा आहे. यजमानांच्या घरी रात्री एखादी दिदी शोध, तिच्यापुढे स्तोत्र 23 उघड, आणि म्हण, “दिदी, मलाई सिकाउनुहोस्.” ताई, मला शिकवा. ती प्रत्येक शब्दाला तुला थांबवेल, हसेल, पुन्हा म्हणायला लावेल. त्या अर्ध्या तासात ती शिक्षिका होते आणि तू विद्यार्थिनी. पुण्याहून आलेली शिकलेली मुलगी आणि डोंगरातली बाई यांच्यामधली उंची त्यात जेवढी कमी होते, तेवढी मी दुसऱ्या कशाने कमी झालेली पाहिली नाही.

अजून एक गोष्ट आवर्जून सांगते. आपण मराठीत देवाला तू म्हणतो. हे प्रभू, तू दयाळू आहेस. त्यात आपल्याला जवळीक वाटते. नेपाळीत तँ, तिमी, तपाईं, हजुर अशा पायऱ्या आहेत आणि मंडळीत देवाला तपाईं म्हणतात. देवाबद्दल बोलतानाही क्रियापद आदराचं, गर्नुभयो, दिनुभयो. कुणी हौसेने मोडक्या नेपाळीत प्रार्थना करताना देवाला तँ म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तेव्हा प्रार्थना मराठीतच कर. न कळणारी प्रार्थनाही लोक डोळे मिटून ऐकतात, आणि शेवटचा आमेन सगळ्यांचा सारखा असतो. मोबाइलवरचं भाषांतर औषधाच्या दुकानात वापर, वाट विचारायला वापर. आदराच्या पायऱ्या त्याला नेहमी कळत नाहीत, म्हणून साक्षीला किंवा प्रार्थनेला ते नको.

पाठ करून जा अशी नेपाळी वाक्यं मोजकीच. “जयमसीह,” हा मंडळीतला सलाम. “म भारतको पुणेबाट आएकी हुँ,” मी पुण्याहून आले. “मलाई नेपाली राम्रो आउँदैन,” मला नेपाळी नीट येत नाही. “आमा, तपाईंलाई कस्तो छ?” आई, तुम्ही कशा आहात? आणि “मलाई थाहा छैन,” मला माहीत नाही. या शेवटच्या वाक्याकडे पुढे येते.

दुभाषा नसेल तेव्हा काय, हा तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या तामाङ लोकांच्या एका गावात मिळालं. तामाङ ही तिथली डोंगरातली जमात, त्यांची भाषाही वेगळी.

त्या वर्षी 25 एप्रिलला भूकंप झाला होता. तो शनिवार होता, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्या शनिवारीच भरतात. धक्का बसला तेव्हा कित्येक ठिकाणी उपासना चालू होती. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली तीन हजारांहून जास्त एकट्या सिंधुपाल्चोकमध्ये. आम्ही पोचलो तेव्हा घरांच्या जागी पत्र्याच्या खोपी होत्या. वर थंडी उतरत होती.

आणि भाषेच्या आधी दुसरीच भिंत समोर आली. त्या सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवरून माल जाणं थांबलं होतं. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं अडकलेली. नेपाळमध्ये लोक भारतालाच दोष देत होते. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर समोरचे चेहरे मिटले. एक म्हातारे बाबा काहीतरी बोलले, त्यातला एकच शब्द आम्हाला दुभाष्याशिवाय कळला, कारण तो दोन्हीकडे तोच आहे: नाकाबन्दी. आमच्यातला एक जण खुलासा करायला निघाला होता, की आम्ही सरकार नाही, आम्ही तर मंडळीचे. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. आधी ऐकून घ्यायचं होतं. तो सबंध दिवस आम्ही कुणीही साक्ष दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खोपीपुढे एक आजी मक्याची कणसं सोलत बसली होती. तिला नेपाळी बेताचंच यायचं. नेपाळमध्ये 2021 च्या जनगणनेत 124 मातृभाषा नोंदल्या आहेत आणि नेपाळी मातृभाषा असलेले जेमतेम 45 टक्के आहेत. डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांना नेपाळीही परकीच, हे जाताना लक्षात ठेव. मी तिला “फ्याफुल्ला” म्हटलं, तामाङांचा नमस्कार, तेवढा एकच शब्द मी शिकून गेले होते. तिने मान वर केली, बाजूचं गोणपाट सरकवलं. मी बसले, एक कणीस उचललं आणि सोलायला लागले.

मला वाटलं होतं कणीस सोलणं मला येतं. माझ्या अंगठ्याने दाणे तुटत होते, अर्धे कणसाला चिकटून राहत होते. तिने माझ्या हातातलं कणीस घेतलं. आधी एक ओळ नखाने वरपासून खालपर्यंत मोकळी केली, मग दुसऱ्या हातातल्या रिकाम्या बुरकुंडाने शेजारच्या ओळी त्या मोकळ्या जागेत ढकलल्या. दाणे टपटप सुपात पडले. मग माझा अंगठा धरून तिने माझ्याकडून तसंच करून घेतलं. तासभर आम्ही बसलो. ती अधूनमधून बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचे. कुणाला काही कळत नव्हतं, पण मी गप्प राहिले नाही. गप्प राहिलं की माणूस पाहुणा वाटतो, बोललं की शेजारी वाटतो. तिच्या खोपीत तीन ताटल्या होत्या, त्यातली एक पालथी. तिने त्या पालथ्या ताटलीकडे बोट केलं आणि हात जमिनीपासून थोडा वर धरला, लहान मुलाची उंची दाखवतात तसा.

मी माझ्या कपाळावरून हात फिरवला, जिथे पूर्वी कुंकू असायचं. माझ्या माहेरच्या ख्रिस्ती घरात कुंकू नव्हतं, सासरच्या चालीने मी ते लावायचे आणि पती गेल्यावर पुसलं होतं. तिला हे सगळं कसं कळावं? पण हात फिरला ते तिला कळलं. तिने माझा गुडघा दाबला.

दुपारी पाळकांची भाची आली, सतरा वर्षांची. आजीने तिला काहीतरी विचारलं. मी हिंदीत, ती पोर नेपाळीत, आणि शेजारीण तामाङमध्ये, अशा तीन हातांतून माझी बारा वाक्यं गेली. आजीने विचारलं होतं, म्हणून दिली. तीन मिनिटांना पंचवीस मिनिटं लागली. भाकरी थापणाऱ्या शेजारणीशी आल्यावर आजीने थांबवलं आणि विचारलं, ती बाई कोण लागत होती तुझी? मी म्हटलं, कुणी नाही. आजी बराच वेळ सुपातले दाणे चाळत राहिली.

मग तिने जे विचारलं ते उलट्या वाटेने माझ्यापर्यंत आलं: “तुझा येशू तुझ्याजवळ बसला, तर माझ्या नातवाजवळ त्या दिवशी कोण होतं?”

तुलाही असं कुणीतरी विचारेल. भाषा नसताना लोक वरवरचं विचारत बसत नाहीत, मुद्द्याचं तेवढंच विचारतात. तेव्हा उत्तर बनवू नकोस. त्या तीन भाषांच्या साखळीतून कुठलंही शहाणं वाक्य पाठवलंस तरी पलीकडे ते दगड होऊन पडेल. मी म्हटलं, “मलाई थाहा छैन.” मला माहीत नाही. ते तिला शेजारणीशिवाय कळलं. मला रडू आलं, तेही कळलं. मी सहा फेऱ्यांत दिलेली सगळ्यात खरी साक्ष हे तीन शब्द होते असं मला आजही वाटतं. कारण साक्षीदाराने जे पाहिलं नाही त्याबद्दल “मला माहीत नाही” म्हणायचं असतं, आणि मी ते म्हटल्यामुळे आधीची बारा वाक्यं तिला खरी वाटली असावीत. निघताना तिने ओंजळभर मक्याचे दाणे माझ्या पदरात घातले.

आता दोन गोष्टी, ज्यांत मी कुणाचंही ऐकत नाही.

एक, कायदा. नेपाळच्या 2015 च्या संविधानात कलम 26 मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, पण या कायद्यापुढे आपण परदेशीच. म्हणून पत्रकं वाटायची नाहीत, चौकात उभं राहायचं नाही, कुणाला “निर्णय घ्या” म्हणायचं नाही. साक्ष मंडळीच्या आत, बोलावलं तर, आणि घरात विचारलं तर. तू नऊ दिवसांनी गोरखपूरहून गाडी पकडशील. पोलीस ठाण्यात बोलावणं येईल ते तिथल्या पाळकांना आणि त्या सतरा वर्षांच्या पोरीला. नेपाळमध्ये ख्रिस्ती लोक पावणेदोन टक्के आहेत, गावात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथले वडील जे सांगतील ते शेवटचं. त्यांनी सांगितलं आज नको, तर आज नको.

दुसरी गोष्ट, मदत आणि साक्ष एकाच वेळी नाही. ब्लँकेटं वाटायची असतील तर वाटा आणि परत या. येशूचं नाव त्या रांगेत घेऊ नका. दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झालेली माणसं, हा टोमणा आपल्या नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलाय. माझ्या आजीने ऐकला, आईने ऐकला. ज्यांनी खऱ्या विश्वासाने येशूला धरलं त्यांच्या विश्वासावरही तो डाग लागला. दुसऱ्या देशातल्या गरीब माणसांवर तो आपल्या हाताने लावायचा नाही. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे दिलेली साक्ष म्हणजे दबाव.

उपयोग होतो का, हेही तू विचारलंस. फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारं मराठी काव्य, छापून झालं 1616 मध्ये. सदतीस वर्षं! तेवढ्या काळात त्या इंग्रजाने आपली भाषा अशी आत्मसात केली की ओवीत लिहू लागला. पंडिता रमाबाईंना मराठी कुणी शिकवायला नको होतं, तरी केडगावात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घालवली ती मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात, कारण आश्रमातल्या बायकांना पंडिती मराठी कळत नव्हतं. 1922 मध्ये त्या गेल्या. भाषेची भिंत अशी पडते. तुझ्याकडे नऊ दिवस आहेत, त्यातले दोन-तीन प्रवासाचे. भिंत पाडायचं काम तिथली मंडळी करतेच आहे. तू त्यांच्या घरी चार दिवस राहून त्यांना एवढं दाखवू शकतेस की लांबच्या एका गावातही कुणीतरी याच प्रभूला हाक मारतं. मला ते थोडं वाटत नाही. डोंगरातल्या आठ घरांच्या मंडळीला ते फार मोठं असतं, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

बारीकसारीक: मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घे, पुढे विमानाने जाणार असशील तर आधार कार्डावर भागणार नाही. चपला दाराबाहेर. मंडळीत बहुतेक ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, खाली बसतात, आधी बघ आणि मग बस. चुलीपाशी बोलावल्याशिवाय जाऊ नकोस. जुठो म्हणजे आपलं उष्टं, नियमही साधारण आपल्या आजीचेच. फोटो विचारल्याशिवाय नको. परत आल्यावर मंडळीत सांगताना गावाचं आणि माणसांचं नाव घेऊ नकोस, आणि मोबाइलवर टाकू तर मुळीच नकोस. त्यांचं ऐकलेलं सांग, पण त्यांना विचारून.

जाण्याआधी एवढं कर. वहीत आठ ओळी लिही, जिन्यापासून. प्रत्येक ओळ शाळेत न गेलेल्या एखाद्या बाईला वाचून दाखव, तुमच्या घरी धुणंभांडी करायला मावशी येत असतील तर त्यांना. त्यांनी जिथे “म्हंजे?” विचारलं, तिथे शब्द बदल. मग मला पाठव. क्रियापदं कुठे लांबली आहेत तिथे मी पेन्सिलीने खुणा करून देईन, आणि कुठले शब्द सीमेपलीकडे गेले की अर्थ बदलतात तेही लिहून देईन. आणि भाऊ आता कसा आहे, ते कागदात कुठेच नाही. तेही लिही, आजी विचारतील.